गिलियन फ्लिनच्या बिघडलेल्या बायका : दुसऱ्या वाचनात कोण टिकतं?

दादरच्या आमच्या वाचनगटात अमेरिकन लेखिका गिलियन फ्लिनच्या तीन रहस्यकादंबऱ्या, 'शार्प ऑब्जेक्ट्स' (२००६), 'डार्क प्लेसेस' (२००९) आणि 'गॉन गर्ल' (२०१२) गेले काही महिने हातोहात फिरतायत. पुढे रहस्यं फुटणार आहेत, वाचायची असतील त्यांनी इथेच थांबावं.

बहुतेक जण 'गॉन गर्ल'ने सुरुवात करतात. करू नका. बेपत्ता बायको एमीची डायरी बनावट असल्याचं मध्यावर कळतं, तो दणका एकदाच बसतो. दुसऱ्यांदा वाचताना ती भोळी बायको पोलिसांसाठी रचलेली आहे हेच दिसत राहतं, आणि उत्तरार्धातली एमी नुसती हिशेबी खलनायिका वाटते. खरी जखम आहे ती आईवडिलांच्या 'अमेझिंग एमी' पुस्तकमालेत. मुलीने व्हायोलिन सोडलं, की पुढच्या पुस्तकातली एमी व्हायोलिनमध्ये चमकणार! हे धागे अजून ताणायला हवे होते.

'शार्प ऑब्जेक्ट्स'मधली पत्रकार कमिल अंगभर शब्द कोरलेली. पहिला तेराव्या वर्षी, शेवटचा मानेमागे. पाठीवर हात पोचत नाही तेवढाच गोल कोरा. प्रसंग येईल तसा एखादा शब्द चुरचुरायला लागतो, म्हणजे कमिल गप्प असली तरी तिचं अंग बोलतं. कुणाला पुस्तक देताना आधी कल्पना द्या, हे सगळ्यांना झेपत नाही. मुलींना औषधं पाजून आजारी पाडणारी आई अडोरा मात्र थोडी भडक उतरलीय.

टिकते ती 'डार्क प्लेसेस'मधली लिबी डे. सातव्या वर्षी कॅन्ससमध्ये आई आणि दोन बहिणींचा खून, तिच्या साक्षीवर भाऊ तुरुंगात. आता देणग्यांचा फंड आटलाय, म्हणून ती घरच्यांच्या वस्तू खुनांच्या शौकिनांना विकते. आळशी, उचलेगिरी करणारी. लोकांची दया नव्या पीडितांकडे वळली म्हणून जळणारी. फ्लिन तिला गोड करत नाही, आणि तरी आपण तिला सोडत नाही.

लोकलमध्ये वाचणार असाल तर प्रकरणांची शीर्षकं चुकवू नका. लिबीचा वर्तमान आणि २ जानेवारी १९८५चा दिवस आलटून पालटून येतात, तोही घड्याळाच्या वेळेसकट. गर्दीत दोन पानं निसटली की गोंधळ ठरलेला. गटात सगळ्यात जास्त वाद लिबीवर नव्हे, तिची आई पॅटी हिच्यावर झाला: शेत कर्जात, पैसे उकळायला येणारा माजी नवरा, आणि विम्याच्या रकमेसाठी तिने केलेला सौदा. हा त्याग, की मुलांवर टाकलेलं ओझं? आमच्यात अजून दोन तट आहेत.