घोडा मोजायची काठी: नऊ महिने वापरल्यावर

ज्येष्ठात गुडघ्याने दगा दिला. काठी घ्यायचीच तर साधी कशाला, म्हणून जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून साडेचार हजारांना ही विलायती काठी उचलली. घरात सगळ्यांना वाटलं, गुप्ती आणली. मुलाने आधी उघडून आत पातं नाही ना ते पाहिलं, मगच चहा मिळाला.

मूठ वर ओढली की आतून बॉक्सवुडची चौकोनी पट्टी निघते. तिच्या माथ्यात घडी होणारा पितळी दांडा, त्यात बोटाच्या पेराएवढी पाणसळ. दांडा आडवा करून घोड्याच्या खांद्यावर, जिथे आयाळ संपते त्या उंचवट्यावर टेकवायचा, बुडबुडा मधे आणायचा आणि पट्टी जिथून बाहेर येते तिथला आकडा वाचायचा. आकडे हँडमध्ये. एक हँड म्हणजे 4 इंच, म्हणून 15.3 हे दशांश नव्हेत; 15 हँड 3 इंच, म्हणजे 63 इंच. हे डोक्यात शिरायला मला आठवडा लागला.

काठी म्हणून बरी, इतकंच. आत पोकळ, त्यामुळे पायऱ्या उतरताना सगळा भार टाकायची हिंमत होत नाही. पावसाळ्यात पट्टी फुगून अशी अडकली की श्रावणभर हलली नाही. सुकल्यावर मेण चोळलं. आता फाल्गुनाच्या उन्हात तीच खुळखुळते. पितळी शेंबी फरशीवर घसरते, म्हणून खाली रबरी टोपी बसवली.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घेऊन गेलो. एका मारवाडी घोडीचा मालक 64 इंच सांगत होता. पितळ चमकताच घोडी बिचकली. त्याने तिच्या डोळ्याआड तळवा धरला तेव्हा कुठे मोजता आलं. 15 हँड साडेतीन. म्हणजे साडेत्रेसष्ट! मी जरा ऐटीतच सांगितलं. चारजण जमले. मालक काही बोलला नाही, वाकून काठीचं बूड बघितलं.

"भाऊ, खाले टोपी शे ना!"

अर्ध्या इंचाचं रबर. काठी तेवढी उंच, म्हणून घोडी तेवढी कमी भरली. टोपी काढून पुन्हा मोजली. चौसष्ट. शेंबी झिजलेली असती तर उलटं, घोडी वाढली असती.

आता मोजताना टोपी खिशात, चालताना काठीला. दोन टोप्या हरवून झाल्या आहेत.