ऑटम टर्म आणि शुक्रवारचे पत्रक: बर्कशायरमधील एका सरकारी प्राथमिक शाळेचे परीक्षण

इंग्लंडमध्ये नव्याने आलेले मराठी कुटुंब शाळा शोधू लागले की पहिली चौकशी ऑफस्टेडच्या, म्हणजे शाळांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, शेऱ्याची होते, आणि तो शेरा ‘आउटस्टँडिंग’, म्हणजे सर्वोत्कृष्ट, असेल तर त्याच परिसरात घर मिळवण्याची धडपड सुरू होते. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना असा एका शब्दातला एकूण शेरा देणे बंद झाले आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या निकषांवर स्वतंत्र मूल्यमापन करणारे नवे अहवाल सुरू झाले आहेत. मात्र प्रत्येक शाळेचा असा अहवाल हाती यायला वेळ लागणार आहे. तोवर शाळा आठवड्याच्या आठवड्याला कशी चालते हे पाहण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे तिचे साप्ताहिक पत्रक, असे माझे मत आहे. बर्कशायरमधील ज्या सरकारी प्राथमिक शाळेत आमची थोरली मुलगी इयर फोरमध्ये (आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात) आणि धाकटा मुलगा रिसेप्शनमध्ये (चार-पाच वर्षांच्या मुलांच्या पहिल्या वर्गात) शिकतो, त्या शाळेच्या २०२५ च्या ऑटम टर्मचे, म्हणजे सप्टेंबरपासून नाताळच्या सुट्टीपर्यंतच्या सत्राचे, हे परीक्षण त्या पत्रकाच्या आधारानेच लिहिले आहे.

पत्रक दर शुक्रवारी दुपारी ईमेलने येते. त्यात मुख्याध्यापिकांचे चार ओळींचे मनोगत, पुढच्या तारखा आणि आठवड्याचे मानकरी विद्यार्थी असतात, तसे ते सर्वच शाळांच्या पत्रकांत असतात. या शाळेचे वेगळेपण असे की प्रत्येक वर्गाने त्या आठवड्यात नेमके काय केले हे तेथे तपशिलाने लिहिलेले असते. सप्टेंबरअखेरच्या पत्रकात रिसेप्शनच्या मुलांविषयी लिहिले होते की त्यांनी मैदानाच्या कडेच्या हॉर्स चेस्टनटच्या झाडांखालून कॉन्कर, म्हणजे त्या झाडाच्या तुकतुकीत तपकिरी बिया, वेचून आणल्या, त्यांचे दहा-दहाचे ढीग केले आणि सर्वांत जड बी कोणती हे तराजूवर पाहिले. मुलाला रोज ‘आज शाळेत काय केलंस?’ असे विचारले की ‘काही नाही’ हेच उत्तर मिळत असे. त्या शुक्रवारी मात्र ‘तुझा कॉन्कर जड होता की मित्राचा?’ असे विचारल्यावर तो जेवण होईपर्यंत बोलत राहिला. पालकाला योग्य प्रश्न हाती देणारे पत्रक हे मला या शाळेचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते.

रिसेप्शनची सुरुवात शाळेने सबुरीने केली. पहिल्या आठवड्यात मुले अर्धा दिवसच जात होती, त्यामुळे नोकरी करणाऱ्या आईवडिलांची तारांबळ उडाली हे खरे, पण चार वर्षांच्या मुलांसाठी ते योग्यच होते. पहिल्या सहा आठवड्यांत घ्यावी लागणारी बेसलाइन चाचणी, म्हणजे शाळेत येताना मुलाला काय येते हे पाहणारी चाचणी, कधी झाली हे मुलाच्या लक्षातही आले नाही. इंग्लंडमध्ये रिसेप्शन, इयर वन आणि इयर टूच्या सर्व मुलांना सप्टेंबर २०१४ पासून दुपारचे जेवण मोफत आहे. शाकाहारी मुलांच्या ताटात रोज काय पडणार हे पत्रकासोबत येणाऱ्या तीन आठवड्यांच्या आलटूनपालटून चालणाऱ्या तक्त्यात आधीच कळते.

सप्टेंबरमध्ये झालेली फोनिक्सची, म्हणजे ध्वनींवरून वाचन शिकवण्याच्या पद्धतीची, पालकसभा कोणत्याही मराठी पालकाने चुकवू नये. अक्षराचे नाव आधी न शिकवता ध्वनी शिकवायचा, आणि तो उच्चारताना शेवटी ‘अ’ येऊ द्यायचा नाही, असा शिक्षिकांचा आग्रह होता, कारण मुलाने ‘क-अ-ट’ असे तीन पूर्ण अक्षरांचे तुकडे जोडले तर त्यातून ‘कॅट’ हा शब्द त्याला ऐकू येत नाही. सभेतील इतर पालकांना हे साधायला वेळ लागत होता. हलन्त व्यंजन लहानपणापासून लिहीत आलेल्या आपल्या लोकांना ‘म’ आणि ‘म्’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. घरी एबीसीडी घोकून घेण्यापेक्षा ही एक गोष्ट सांभाळली तर मुलाचे वाचन लवकर सुरू होते, हे आम्ही थोरलीच्या वेळी अनुभवले आहे.

ऑक्टोबरच्या आरंभी हार्वेस्ट, म्हणजे सुगीचा उत्सव झाला. मुलांनी घरून डबाबंद कडधान्ये, पास्ता, तांदूळ आणून सभागृहात मांडले आणि ते सर्व गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या स्थानिक फूड बँकेला गेले. पत्रकात फूड बँकेला त्या वेळी कशाची चणचण होती हेही कळवले होते, त्यामुळे शंभर घरांतून शंभर बेक्ड बीन्सचे डबे गोळा होण्याचा प्रकार टळला.

दिवाळीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. २०२४ साली ती ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीत गेली होती. २०२५ साली ती शाळेच्या चालू आठवड्यात आली. शाळेने दोन आठवडे आधीच पत्रकातून विचारले की कोणा पालकाला वर्गात येऊन सण समजावून सांगायचा आहे का. मी थोरलीच्या वर्गात गेले. शाळा नट-फ्री असल्याने शेंगदाणे आणि काजू घातलेला चिवडा नेता येत नव्हता. बेसनाच्या लाडवातले काजूही गाळावे लागले असते. आणि तीळ हाही येथील कायद्याने जाहीर कराव्या लागणाऱ्या चौदा ॲलर्जिकारक घटकांपैकी एक असल्याने चकलीही बाजूला ठेवली. शेवटी शंकरपाळी केली, डब्यावर गहू आणि दूध असे घटक लिहिले आणि डबा आधी कार्यालयात दाखवला. कार्यालयातील बाईंनी वर्गातील मुलांच्या ॲलर्जीची यादी पाहून माझ्यासमोरच एका मुलासाठी वेगळी सोय केली. वर्गात मी किल्ला करण्याविषयी सांगितले, माती, मावळे आणि पेरलेल्या हळिवासकट, आणि शिक्षिकांनी त्यानंतर स्थानिक इतिहासाच्या तासाला मुलांकडून चिकणमातीचा नॉर्मन काळातला (अकराव्या-बाराव्या शतकातला) किल्ला करून घेतला. बाहेरून आलेल्या माहितीला अभ्यासक्रमात असे सामावून घेणारी शाळा मला मनापासून आवडते. ज्यांना त्या दिवशी मुलांना घरी ठेवायचे होते त्यांना धार्मिक सणाची रजा कशी मागायची हेही पत्रकात स्पष्ट लिहिले होते.

नोव्हेंबरमधील, युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणदिनाचा कार्यक्रम याहून उंचीचा झाला. ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता सगळी शाळा, अगदी रिसेप्शनच्या मुलांसह, दोन मिनिटे मौन पाळून उभी होती. त्याआधी पत्रकातून कुटुंबांना आवाहन केले होते की महायुद्धांत लढलेल्या, आपल्या घराण्यातल्या किंवा आपल्या मुलखातल्या कोणाची हकिगत पाठवावी. मी माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी लिहून पाठवले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतल्या या तरुणाला १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले. तुकडीतले सर्व साथी पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. इयर सिक्सच्या एका मुलीने ही हकिगत सभेत वाचली. ‘घाडगे’ हे नाव तिला नीट म्हणता यावे म्हणून आदल्या दिवशी शिक्षकांनी आमच्या थोरलीला तिच्याकडे पाठवले होते. पहिल्या महायुद्धातही भारतातून दहा लाखांहून अधिक लोक ब्रिटिश फौजेबरोबर गेले होते, हे शाळेने मुलांना सांगितले याचे मला फार समाधान वाटले.

आता उणिवा. त्याच आठवड्यात गुंडगिरीविरोधी सप्ताहासाठी वेगवेगळ्या जोडांतले मोजे घालायचे होते, शुक्रवारी बीबीसीच्या चिल्ड्रेन इन नीड या गरजू मुलांसाठीच्या निधीसाठी ठिपक्यांचे कपडे आणि एक पौंड द्यायचा होता, आणि फ्लूच्या लसीचे संमतिपत्रही भरायचे होते. यांतल्या दोन गोष्टी आदल्या शुक्रवारच्या पत्रकातच प्रथम कळल्या. दोन नोकऱ्यांच्या घरात शनिवार-रविवार एवढीच पूर्वसूचना अपुरी आहे. लसीबाबत तर शाळेने अधिक काळजी घ्यायला हवी होती: मुलांना नाकात फवारून दिल्या जाणाऱ्या या लसीत डुकरापासून बनवलेले जिलेटिन असते, आणि ज्यांना ते नको असेल त्यांना मागणी केल्यास इंजेक्शनची लस मिळते. शाकाहारी आणि मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने असलेल्या शाळेच्या पत्रकात हे एक वाक्य असायलाच हवे. मी हे कार्यालयाच्या कानावर घातले आहे.

पालक-शिक्षक भेटीला दहाच मिनिटे मिळतात, त्यामुळे प्रश्न लिहून नेणे बरे. शाळा सुटल्यानंतरच्या बुद्धिबळ आणि फुटबॉलच्या वर्गांच्या जागा नोंदणी उघडताच भरतात, आणि पहिला येईल त्याला जागा ही पद्धत त्या वेळी कामावर असलेल्या पालकांवर अन्याय करणारी आहे. चिठ्ठ्या टाकणे त्याहून न्याय्य ठरेल.

अभ्यास कमी असतो, अशी तक्रार आपल्या मंडळींत नेहमी ऐकू येते. इयर फोरच्या मुलांची जूनमध्ये पाढ्यांची चाचणी असते, पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद, आणि तिची तयारी या शाळेने ऑक्टोबरपासून शांतपणे सुरू केली आहे. आपल्याकडचे पाढे पाठ असलेल्या मुलांना ती जड जात नाही. गृहपाठाची वही कोरी दिसते म्हणून शिकणे कमी, असा निष्कर्ष मी तरी काढणार नाही.

डिसेंबरमध्ये लहान मुलांचे नाताळचे नाटक, पालक संघाची जत्रा, लोकरी स्वेटरचा दिवस यांची एकच गर्दी होते, त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. भारतात जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की विनापरवानगी पाच दिवस शाळा बुडवली तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला दंड होऊ शकतो. तो एकवीस दिवसांत भरल्यास ८० पौंड आणि त्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत १६० पौंड असतो. या शाळेने शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या पाचही दिवसांसह वर्षभराच्या तारखा सप्टेंबरच्या पहिल्याच पत्रकात दिल्या होत्या, त्यामुळे आम्हांला तिकिटे वेळेत आणि स्वस्तात काढता आली.

सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या रिसेप्शनसाठी अर्ज करणाऱ्यांना त्या वर्षीच्या १५ जानेवारीपर्यंत मुदत असते. सकाळी लवकर मूल सोडून संध्याकाळी सहाला परत घ्यायची सोय ज्यांना लागते त्यांनी या शाळेच्या बाबतीत आधी ब्रेकफास्ट क्लबच्या, म्हणजे शाळा भरण्याआधी मुलांना सांभाळण्याच्या सोयीच्या, प्रतीक्षायादीची चौकशी करावी, कारण ती लांब आहे. ज्यांना अधूनमधून दुपारी शाळेत डोकावणे जमते अशा कुटुंबांना मी ही शाळा निःशंकपणे सुचवीन. दुसरी कोणतीही शाळा पाहायला गेलात तरी कार्यालयाकडे गेल्या ऑटम टर्मची चार-पाच पत्रके मागा आणि त्यांत वर्गांचे काम किती आणि केवळ सूचना किती, हे पाहा.