सरकारने फर्मवर वरवंटा फिरवला तर: करार करायचा की कोर्टात जायचं?

तुम्ही लॉ फर्म चालवत असाल, तर मार्च 2025 मध्ये अमेरिकेत घडलेलं नीट समजून घ्या. 6 तारखेला पर्किन्स कोई आणि 14 तारखेला पॉल वाइस या दोन मोठ्या फर्मविरुद्ध राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढले. दोन्हींचा मजकूर बराचसा सारखा होता: वकिलांच्या सुरक्षा-परवानग्या (गोपनीय सरकारी माहिती पाहण्याची मुभा) स्थगित, सरकारी इमारतींत जायला आडकाठी, आणि सरकारी कंत्राटदारांनी या फर्मशी असलेला व्यवहार उघड करायचा. यातली शेवटची अट जीवघेणी होती. तिचा धाक अशिलाला बसतो, आणि अशील गेले की फर्म बसते.

पॉल वाइसचे तेव्हाचे प्रमुख ब्रॅड कार्प 19 मार्चला ओव्हल ऑफिसात, म्हणजे ट्रम्प यांच्या कार्यालयात, गेले. दुसऱ्याच दिवशी 4 कोटी डॉलर किमतीच्या मोफत कामावर तडजोड जाहीर झाली आणि 21 तारखेला आदेश मागे घेतला गेला. सहकाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात कार्प यांनी दिलेली कारणं उडवून लावण्यासारखी नाहीत. कोर्टात जिंकलो तरी सरकारच्या मर्जीतून उतरलेली फर्म हा शिक्का राहील, आणि दुसऱ्या फर्म आपले अशील आणि वकील आताच ओढू पाहत आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपन्यांची मोठी विलीनीकरणं हाताळणाऱ्या फर्मला ही भीती जास्त, कारण त्या कामात सरकारी मंजुरीवाचून पान हलत नाही.

पण पर्किन्स कोई तरी कुठे सुरक्षित होती? तिचे सर्वांत मोठे 15 अशील सरकारी कंत्राटं असलेले किंवा ती मिळवू पाहणारे होते, आणि जवळपास पाव उत्पन्न त्यांच्याकडून येत होतं. तरीही तिने 11 मार्चला दावा ठोकला. 12 तारखेला न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी आदेशातल्या मुख्य अटींना तात्पुरती मनाई दिली आणि 2 मे रोजी तो आदेश घटनाबाह्य ठरवला. पुढे जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल आणि सुसमन गॉडफ्रे याच वाटेने गेल्या आणि जूनअखेर तिघीही जिंकल्या. सरकार अपिलात गेलं, म्हणजे टांगती तलवार राहिलीच. कोर्टाची वाट धरणाऱ्याने ती मनात धरूनच निघावं.

माझा कौल तरीही कोर्टाला. कराराची किंमत एकदा ठरली की ठरली असं होत नाही. पॉल वाइसला 4 कोटी लागले, आठवड्याभरात स्कॅडन या फर्मने 10 कोटी कबूल केले आणि 11 एप्रिलला कर्कलंड, लेथमसारख्या चार फर्मनी प्रत्येकी साडेबारा कोटी. नऊ फर्मची बेरीज 94 कोटींवर गेली. मोफत काम माजी सैनिकांसारख्यांसाठी असेल असं आधी सांगितलं होतं. एप्रिलमध्ये ट्रम्प कोळसा आणि व्यापार करारांच्या कामाला या फर्म जुंपायची भाषा करू लागले. कोर्टाचा मनाई हुकूम मिळाला की सरकारने तो मोडल्यावर दाद मागता येते. अशा समझोत्यात तो आधार कुठे आहे?

तुमची फर्म मुख्यतः खटले लढवणारी असेल तर फार घोळ घालू नका, लढा. विलीनीकरणाच्या कामावर जगणारी असेल, तर वॉशिंग्टनला फोन लावण्याआधी सर्वांत मोठ्या दहा अशिलांना स्वतः फोन करा आणि थांबणार का, ते सरळ विचारा. आपल्या वकिलांनाही विचारा. करारानंतर सुमारे दोन महिन्यांत कॅरेन डन आणि बिल आयझॅकसन यांच्यासह चार नामांकित भागीदार पॉल वाइसमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची फर्म काढली.