सहाच्या टेबलावरून नऊच्या टेबलावर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझं सगळं पोकर ऑनलाइन आणि सहा जणांच्या टेबलावर झालं. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला आणि ते दुकान बंद झालं. तेव्हापासून रात्रीची बस, पणजी आणि मांडवीतल्या जहाजावरच्या टूर्नामेंट. इथलं टेबल नऊ जणांचं. जाण्याआधी नऊ जणांच्या टेबलाचा एक फुकटचा ओपनिंग चार्ट मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता: कुठल्या खुर्चीवरून कुठल्या पत्त्यांवर रेझ करायचं (पैज वाढवून डाव उघडायचा), याचा तक्ता. तो हाताशी धरून इतके महिने खेळल्यावर काय चाललं आणि काय नाही, ते सांगतो.

‘नऊ जण आहेत, घट्ट खेळ’, म्हणजे मोजक्याच चांगल्या पत्त्यांवर खेळ, हा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच खरा आहे, पण त्या अर्ध्याचं गणित पक्कं आहे. हातात येणारे दोन पत्ते 1326 प्रकारे येऊ शकतात. त्यांत एक्के, राजे, राण्या, गुलाम यांच्या जोड्या आणि एक्का-राजा मिळून 40 प्रकार, म्हणजे जेमतेम 3 टक्के. सहाच्या टेबलावर पहिल्या, म्हणजे सगळ्यांआधी बोलणाऱ्या खुर्चीतून रेझ केलं तर मागे, म्हणजे अजून बोलायचे, पाच जण असतात आणि त्यांच्यापैकी कुणाकडे तरी यातलं काही असण्याची शक्यता साधारण 14 टक्के. नऊच्या टेबलावर मागे आठ जण, आणि तोच आकडा 22च्या आसपास जातो. म्हणून पहिल्या खुर्चीवरून वेगवेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी चार्ट सरळ टाकायला सांगतो, आणि ते पटतं. सुरुवातीला हात शिवशिवतात. एक्का दिसला की पैसे टाकायची बोटांची सवय एका महिन्यात जात नाही.

आता उरलेला अर्धा. पहिल्या तिघांनी पत्ते टाकले की पुढे उरतात सहा जण. मग ते सहाचंच टेबल! हायजॅक, कटऑफ, बटन या उशिरा बोलणाऱ्या जागांवर मागे तेवढीच माणसं असतात, जेवढी ऑनलाइन असायची. तरीही लोक नऊच्या टेबलावर आले म्हणून बटनवरसुद्धा देवळात बसल्यासारखे बसतात. बटनवर सगळे फोल्ड होऊन (पत्ते टाकून) डाव आपल्यापर्यंत आला तर निम्म्याच्या आसपास हातांवर रेझ करायला हरकत नसते, टेबल कितीही जणांचं असो. चार्टमध्ये हे लिहिलेलं असतं, पण लोक वरच्या तीन ओळी वाचतात आणि थांबतात.

अडचण येते ती वेगाची. डीलर हाताने पत्ते वाटतो, एखादा चिप्सशी खेळत पाच मिनिटं विचार करतो. तासाला 25 ते 30 हात झाले तरी पुष्कळ. अर्ध्या तासाच्या लेव्हलमध्ये (प्रत्येक लेव्हलनंतर सक्तीच्या पैजा वाढतात) 14 हात धरा. या सक्तीच्या पैजा दोन, स्मॉल ब्लाइंड आणि तिच्या दुप्पट बिग ब्लाइंड, आणि प्रत्येक फेरीत त्या सगळ्यांना आळीपाळीने भराव्या लागतात. वर बिग ब्लाइंड अँटी, म्हणजे तेवढीच आणखी एक पैज, असेल तर एका फेरीचा खर्च अडीच बिग ब्लाइंड. 14 हातांत सहाच्या टेबलावर जवळपास सहा ब्लाइंड जातात, नऊच्या टेबलावर चारच. हे ऐकून वाटतं, चला, थांबायला सवड आहे. पण 300/600 चे ब्लाइंड 400/800 झाले की 24,000च्या स्टॅकचे (आपल्याकडच्या एकूण चिप्सचे) 40 ब्लाइंड होते ते 30 होतात. एकही हात न खेळता दहा गेले! ब्लाइंडपेक्षा लेव्हलच जास्त खाते. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसणारा माणूस जेवणाच्या ब्रेकपर्यंत 15 ब्लाइंडवर आलेला असतो आणि नशिबाला बोल लावत असतो. चार्ट यावर काही बोलत नाही. माझ्याकडचा तर 100 ब्लाइंडच्या स्टॅकसाठी केलेला निघाला. टूर्नामेंटमध्ये पहिले दीड-दोन तास सोडले तर एवढा स्टॅक असतो कुणाकडे? 30च्या खाली आलो की दुरी ते पंजीच्या छोट्या जोड्या मी पहिल्या खुर्च्यांवरून उघडणं बंद केलं. सेट, म्हणजे जोडीच्याच नंबरचा तिसरा पत्ता फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत), लागतो साधारण 12 टक्के वेळा, आणि लागला तरी समोरच्याकडे द्यायला पुरेसे चिप्स हवेत.

चार्टबाहेरचं जे शिकलो ते जास्त कामाला आलं. एक हात सांगतो. ब्लाइंड 400/800. बिग ब्लाइंडच्या लगेच पुढच्या खुर्चीवर सुरतेचे एक काका. बराच वेळ एकही हात खेळले नव्हते, चहावर चहा चालू होता. त्यांनी 2,000चं रेझ केलं. बटनवर माझ्याकडे एक्का-राणी, वेगवेगळ्या रंगांचे, आणि स्टॅक 30,000च्या आसपास. सहाच्या टेबलावर मी इथे डोळे झाकून री-रेझ केलं असतं. इथे पत्ते टाकून दिले. बिग ब्लाइंडवरच्या पोराने राजा-राणीवर तेवढेच पैसे भरून कॉल केला, फ्लॉपवर राणी आली, आणि तो रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पत्त्यापर्यंत, पैसे भरत गेला. काकांनी राजांची जोडी उलटी केली, पोराला म्हणाले, ‘बेटा, मैं तो कब से बैठा था.’ सगळं टेबल हसलं. आठ जण मागे असताना जो माणूस एवढा वेळ बसून मग रेझ करतो, त्याची रेंज (ज्या पत्त्यांवर तो रेझ करेल त्यांची यादी) चार्टमधल्या रेंजपेक्षाही लहान असते.

उलट्या टोकाचे लोकही याच टेबलावर भेटतात. दोघं-तिघं लिंप करणार (रेझ न करता नुसता बिग ब्लाइंडएवढा पैसा भरणार), मग बाकीचेही ‘बघू या फ्लॉप’ म्हणून आत. पाच जणांच्या पॉटमध्ये नुसत्या टॉप पेअरला (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जमलेल्या जोडीला) फार किंमत राहत नाही. तिथे एक्का आणि त्याच्याच रंगाचा दुसरा पत्ता किंवा हातातली मधली जोडी बरी. एकटाच लिंप करणारा असेल आणि मी मागच्या जागेवर असेन, तर चार-पाच ब्लाइंडचं रेझ करून त्याला एकटं पाडतो. ऑनलाइन असताना लिंप इतकं कमी दिसायचं की हे कधी करावंच लागलं नव्हतं.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: डीलरच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या वाईट. 1 नंबरवर बसलात तर 9 नंबरचा स्टॅक दिसतच नाही. मान काढून बघायचं किंवा डीलरला विचारायचं. विचारा, त्यात लाज कसली.

शेवटच्या टप्प्यात मात्र सहावाल्यांचे दिवस येतात. माणसं गळतात, टेबलं जुळवताना मध्येच सात, कधी सहा जण उरतात, आणि दिवसभर घट्ट बसलेल्यांना गियर बदलता येत नाही. बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावर, तर ते हलतच नाहीत. तिथे मध्यम स्टॅकवाल्यांचे ब्लाइंड उचलणं हीच माझी सगळ्यात भरवशाची कमाई. फक्त टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या स्टॅकशी पंगा घेत नाही, कारण बक्षिसाच्या तोंडावर गमावलेले चिप्स कमावलेल्यांपेक्षा महाग पडतात. (बक्षिसावर 30 टक्के कर आणि वर सेस, हेही हिशेबात धरा.)

चार्टला पाचपैकी साडेतीन. घ्यायचा असेल तर 20, 30 आणि 50 ब्लाइंडचे वेगळे तक्ते असलेला, अँटी धरून केलेला घ्या. अँटी नसलेला चार्ट उगाच जास्त घट्ट खेळायला लावतो. आणि टूर्नामेंट निवडताना लेव्हल किती मिनिटांची आहे ते आधी विचारा. 15 मिनिटांच्या टर्बोत फेरी पुरी व्हायच्या आत ब्लाइंड वाढतात. तिथे यातलं फारसं काही लागू पडत नाही, 15 ब्लाइंडच्या आतला ऑल-इन (सगळे चिप्स एकदम लावायचा) तक्ता पाठ असला की पुरे.