नॅस्कारची नेक्स्ट जेन गाडी: पाइप वाकला नाही, हीच माझी तक्रार

रेटिंग: २०२२ ची गाडी २ स्टार, २०२३ नंतरची साडेतीन.

आधीच सांगतो, नॅस्कार म्हणजे अमेरिकेतलं स्टॉक कार रेसिंग आणि ही त्यातली रेसची गाडी, शोरूममध्ये मिळत नाही आणि खरीखुरी मी कधी चालवलेली नाही. पण २०२२ मध्ये आली तेव्हापासून प्रत्येक सीझन बघतोय, आपल्याकडे डेटोना ५०० ही त्यांची सगळ्यात मोठी रेस रविवारी रात्री एकच्या सुमारास सुरू होते आणि सोमवारी सकाळी चाकणला पहिली शिफ्ट असते तरी बघतो. बाणेरला एका सिम रेसिंगवाल्याकडे, म्हणजे सिम्युलेटरवर, तासाचे पैसे भरून हीच गाडी कितीतरी वेळा पळवलीय. आणि माझं रोजचं काम म्हणजे गाड्यांच्या बॉडीचे वेल्डिंग फिक्स्चर, त्यामुळे पाइप, जॉइंट आणि कुठे काय वाकतं हे दिवसभर डोळ्यासमोर असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधलीच गाडी रेसला उतरवलेली, पण हे आता फक्त नाव राहिलंय. बाहेरून कॅमारो, मस्टँग किंवा कॅमरीसारखी दिसते पण आत स्टीलच्या ट्यूबची चौकट, पुढे ५.८६ लिटरचा व्ही-८, वजन ड्रायव्हर आणि पेट्रोल सोडून साधारण साडेचौदाशे किलो. जुन्या गाडीला मागे सरळसोट एक्सल होता, चार गिअर, १५ इंची स्टीलची चाकं आणि प्रत्येक चाकाला पाच नट. नेक्स्ट जेनला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, पाच गिअरचा सीक्वेन्शियल ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स, मागच्या बाजूला गेला, चाकं १८ इंची अ‍ॅल्युमिनियमची आणि मधे एकच मोठा नट, बॉडी पत्र्याऐवजी कंपोझिट, पोटाखाली सपाट तळ आणि मागे त्या तळाखालची हवा बाहेर काढणारा डिफ्यूझर. चेसिस तीन तुकड्यांत, पुढची क्लिप, मधला पिंजरा, मागची क्लिप, आणि तिन्ही बोल्टनं जोडलेले. खरं तर २०२१ लाच येणार होती, कोविडमुळे एक वर्ष पुढे गेली.

गाडी म्हणून मला आवडली, हे मनापासून सांगतो. सिमवर जुनी गाडी चालवा आणि लगेच ही चालवा, फरक हाताला कळतो, वळणावर जुनी एका बाजूला लोळायची, ही जिथे तोंड वळवाल तिथे जाते. सुटली की मात्र पटकन सुटते, जुनी निदान थोडी सूचना द्यायची. २०२३ ला हिचंच बदललेलं मॉडेल ले मान्सच्या २४ तासांच्या रेसमध्ये उतरवलं, जिमी जॉन्सन, जेन्सन बटन आणि माइक रॉकेनफेलर तिघांनी मिळून चालवली आणि ती शेवटपर्यंत टिकली, एकूण ३९ वी आली. त्या रात्री मी झोपलोच नाही.

आता मूळ मुद्दा.

२३ जुलै २०२२, पोकोनोचा ट्रॅक, क्वालिफायिंग, म्हणजे रेसला कोण कुठून सुटणार हे ठरवणारी फेरी. कर्ट बुशची गाडी फिरली आणि मागच्या अंगानं भिंतीवर गेली. असले अपघात आम्ही पन्नास वेळा बघितलेत, गाडी भिंतीला लागते, ड्रायव्हर खिडकीची जाळी काढतो, हात हलवतो, चालत अ‍ॅम्ब्युलन्सकडे जातो. पण या धडकेत त्याला कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला हादरा, आणि तो माणूस त्यानंतर कप सीरिजची, म्हणजे नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या मालिकेची, एकही रेस चालवू शकला नाही. २००४ चा चॅम्पियन, करिअर एका क्वालिफायिंग लॅपमध्ये संपलं. सप्टेंबरात टेक्सासला अलेक्स बोमन, परत मागूनच, परत कन्कशन, पाच रेस घरी. त्या वर्षी ड्रायव्हर उघड बोलायला लागले की बाहेरून किरकोळ दिसणारी धडकसुद्धा आत फार जोरात लागते. गाडीकडे बघितलं तर मागचा भाग जवळजवळ जसाच्या तसा.

इथे मला आमची बाहा आठवते.

इंजिनिअरिंगला असताना आम्ही बाहाची गाडी बनवली होती, कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची पिथमपूरला होते ती स्पर्धा. रोल केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा पिंजरा, भोसरीच्या एका छोट्या शॉपमध्ये बनवला, शॉपवाले काका आम्हाला रात्री दहानंतर मशीन वापरू द्यायचे. नियमाप्रमाणे इंची पाइप, ३ मिलिमीटर जाडीचा, तोंडं फाइलनं घासून घासून अशी बसवलेली की मधे कागद जाणार नाही, आणि काकांचं आर्गन वेल्डिंग, नाणी एकावर एक सरकवून ठेवावीत तसे वेल्डचे बीड. नियमात नव्हतं तरी आम्ही मागे इंजिनाभोवती एक जास्तीचा बार घातला, वर दोन तिरके सपोर्ट आणि कोपऱ्यांत चार गसेट, म्हणजे जोडपट्ट्या. गाडी मजबूत पाहिजे, एवढंच डोक्यात.

मोशीच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर टेस्टिंगला गाडी फिरली आणि मागच्या अंगानं जाऊन सिमेंटच्या पाइपांच्या ढिगावर आदळली. वेग फार नव्हता. आम्ही पळत गेलो आणि मला आजही लाज वाटते की पाचही जण आधी गाडीच्या मागच्या बाजूला गेलो. काकांनी बीडवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एक टाका उघडला नाही बघ." आम्ही खूश. आमचा ड्रायव्हर सीटवरच बसून होता, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून, आणि फक्त एवढंच म्हणाला की थांबा रे, जरा थांबा. त्याला तीन आठवडे मानेला पट्टा आणि दोन महिने डोकेदुखी, स्क्रीनकडे बघता येईना म्हणून सेमिस्टरचा प्रोजेक्ट आम्ही वाचून दाखवायचो.

हिशोब साधा आहे. समजा धडकेत ताशी ५४ किलोमीटरचा वेग संपवायचाय. मागचा भाग अर्धा मीटर चेपला तर माणसाला सरासरी २३ जी बसतात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या २३ पट जोर. पाव मीटरच चेपला तर ४६. वेग तोच, भिंत तीच, फक्त लोखंड किती आत गेलं एवढाच फरक, आणि जे लोखंडानं घेतलं नाही ते सीटमधून मणक्यात आणि डोक्यात जातं. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं पण असंच असतं, पुढून ठोकल्यावर बॉनेट गोळा झालं की लोक म्हणतात काय पत्रा आहे, आधीच्या गाड्या बघा रणगाड्यासारख्या होत्या. बॉनेट गोळा व्हायलाच पाहिजे आणि माणूस बसतो तो पिंजरा तसाच राहायला पाहिजे. नेक्स्ट जेनमध्ये पिंजरा उत्तम होता पण मागची क्लिपही जवळपास तेवढीच कडक होती.

सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की हे शिकायला नॅस्कारनं आधीच फार मोठी किंमत दिलेली होती. २००० साली अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर, आणि १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या लॅपला डेल अर्नहार्ट, हे चौघे ड्रायव्हर ट्रॅकवरच्या अपघातांत गेले. त्यानंतर मानेला धरून ठेवणारं हान्स सक्तीचं झालं, २००२ पासून दबणाऱ्या सेफर भिंती आल्या, २००७ ला कार ऑफ टुमॉरो आली, ड्रायव्हरला दारापासून आत सरकवलं, छप्पर उंच केलं. दिसायला ती गाडी कुणालाच आवडली नाही, मागे पंख लावलेला डबा, पण २००८ ला टेक्सासला मायकल मॅकडॉवेल भिंतीवर आपटून कितीतरी कोलांट्या खाऊन चालत बाहेर आला होता. २००१ नंतर कप सीरिजमध्ये रेसिंग करताना एकही ड्रायव्हर गेलेला नाही. एवढी शिदोरी गाठीला असताना मागून लागलेली धडक नजरेतून सुटावी याचा मला खरंच राग येतो.

आग हा दुसरा भाग. टायरचे घासून पडलेले रबराचे तुकडे दाराखालच्या पोकळीत साठायचे, शेजारीच तापलेला एक्झॉस्ट, मग पेट घ्यायचे. ४ सप्टेंबर २०२२ ला डार्लिंग्टनला केविन हार्विकच्या गाडीत चालू रेसमध्ये ज्वाळा आल्या आणि बाहेर पडल्यावर तो जे बोलला ते कुणी विसरणार नाही. नंतर तिथे जागोजागी स्टेनलेस स्टीलचे पत्रे लागले.

आता खर्च. गाडी आणताना सांगितलं होतं की खर्च कमी होईल. पूर्वी प्रत्येक मोठी टीम स्वतः चेसिस बनवायची, स्वतःचे फॅब्रिकेटर, एका ड्रायव्हरमागे डझनभराहून जास्त गाड्या, ही ट्रॅकची वेगळी, ती ट्रॅकची वेगळी. आता एका नंबरच्या गाडीला सातच चेसिस ठेवायच्या आणि जवळपास प्रत्येक पार्ट ठरलेल्या एकाच व्हेंडरकडून घ्यायचा. चेसिस टेक्निककडून, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा, चाकं बीबीएसची. कल्पना कागदावर चांगली आहे. पण चाकणला कुठल्याही परचेसवाल्याला विचारा, एका पार्टला एकच व्हेंडर असला की त्याला रात्री झोप लागत नाही, दुसरा व्हेंडर तो शोधून ठेवतोच, नाहीतर भाव पण समोरच्याचा आणि डिलिव्हरी पण त्याच्या सोयीनं. घरचा स्वयंपाक बंद करून मेस लावली आणि गावात मेस एकच, तसं झालं. त्यात भिंतीला नुसतं घासलं तरी मागचा टो लिंक, म्हणजे चाक सरळ धरून ठेवणारा दांडा, वाकायचा, डिफ्यूझर फुटायचा. जे वाकायला नको ते वाकतंय आणि जे वाकायला पाहिजे ते ढिम्म. ऑक्टोबर २०२२ ला टीम मालकांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की हे आर्थिक गणितच बसत नाही. दोन वर्षांनी मायकल जॉर्डन आणि डेनी हॅमलिनची २३इलेव्हन आणि फ्रंट रो या दोन टीम थेट कोर्टात गेल्या, त्या दाव्यात या गाडीच्या पार्टचा विषय पण होता, २०२५ च्या डिसेंबरमध्ये समझोता झाला.

लोक सेफ्टी वेगळी आणि खर्च वेगळा असं बोलतात, मला ती एकच गोष्ट वाटते. आमची बाहा आदळली त्याच रात्री काकांनी कटर घेतला आणि मागचा जास्तीचा बार काढून टाकला, खर्च काय तर एक कटिंग व्हील. नॅस्कारच्या टीमकडे जगातले उत्तम फॅब्रिकेटर, पण ठरलेल्या पार्टला हात लावला तर शिक्षा, २०२२ मध्ये ब्रॅड केसेलोव्स्की आणि मॅकडॉवेल दोघांच्या टीमना १०० पॉइंट आणि १ लाख डॉलर दंड झाला होता. नियम का आहे ते कळतं, नाहीतर परत सगळे खर्चाच्या शर्यतीत उतरणार. पण मग चूक असेल तर ती सगळ्यांच्या गाडीत सारखीच असते, आणि सगळे थांबून बसतात. जुलैला कर्ट बुश जखमी झाला आणि बदललेली मागची क्लिप ट्रॅकवर यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला, मधे बोमन.

बदल मात्र खरे केले, त्यासाठीच वरचा दीड स्टार. ऑक्टोबर २०२२ ला ड्रायव्हरांबरोबर तासाभराहून जास्त बैठक झाली, ओहायोत पूर्ण गाडी मागून आपटून टेस्ट केली आणि २०२३ ला मागच्या क्लिपमधले काही बार काढले, काही ट्यूब पातळ केल्या. एप्रिल २०२३ ला टॅलाडेगाला रायन प्रीसच्या गाडीचं नाक काइल लार्सनच्या उजव्या दारात घुसलं, तिथले बार आत आले, सुदैवानं ती बाजू ड्रायव्हरची नाही, मग पुढची क्लिप पण थोडी मऊ केली. ऑगस्टमध्ये त्याच प्रीसनं डेटोनाला दहापेक्षा जास्त पलट्या खाल्ल्या आणि स्वतःहून बाहेर आला, पिंजऱ्याला पूर्ण मार्क. पण गाडी हवेत उचलली जाते हा प्रश्न त्यानंतरही सुटलेला नाही, सपाट तळ आहे, फिरून मागची बाजू पुढे आली की वारा आत शिरतो, २०२४ ला मिशिगनला कोरी लाजोई तसाच पालथा झाला. अर्धा स्टार मी त्यासाठी राखून ठेवलाय, आणि एक पूर्ण स्टार एका व्हेंडरच्या कारभारासाठी.

सिमवर चालवायची असेल तर पहिल्यांदा डेटोना घेऊ नका, मार्टिन्सव्हिल घ्या, अर्ध्या मैलाचा ट्रॅक आहे, ब्रेक आणि गिअर नीट कळतात. मागून भिंतीला लागाल तेव्हा स्टिअरिंग नुसतं थरथरतं, तेवढ्यावरून खऱ्या धडकेचा अंदाज करू नका.

आमचा बाहाचा ड्रायव्हर आता हिंजवडीत नोकरीला आहे. रेस तो बघत नाही, पण सोमवारी सकाळी माझा स्टेटस बघून कधीतरी फोन करतो आणि कोण जिंकलं हे विचारायच्या आधी विचारतो, कुणाला मागून लागली का रे.