रिंगण की क्लिकर: नव्या घोड्याला वळण लावताना

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेले, माणसाला अजून बुजणारे शिंगरू दारात उभे असेल आणि चाबूक वापरायचा नाही हे पक्के असेल, तर निवड बहुधा दोन पद्धतींमध्ये करावी लागते. एक अमेरिकन प्रशिक्षक मॉन्टी रॉबर्ट्स यांची ‘जॉइन-अप’ पद्धत, ज्यात गोल रिंगणात मोकळ्या सोडलेल्या घोड्याला नजर रोखून पळते ठेवतात आणि त्याने ठरावीक खुणा दिल्या की पाठ वळवून दबाव काढून घेतात. दुसरी क्लिकरची, म्हणजे दाबताच ‘टक्’ वाजणाऱ्या छोट्या खटक्याची, ज्यात हवी ती हालचाल होताच तो आवाज करून लगेच गाजराचा तुकडा देतात. माझ्या मारवाडी घोडीसाठी मी दोन्ही वापरून पाहिल्या.

रिंगणाचा परिणाम झटपट दिसतो, यात शंका नाही. 1989 मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी रॉबर्ट्स यांना विंडसर येथे प्रात्यक्षिकासाठी बोलावले, ते याच पद्धतीमुळे. माझी अडचण वेगळी होती. रिंगणाच्या आतल्या बाजूचा कान माणसाकडे वळणे, वर्तुळ लहान होणे, ओठ चाटणे-चघळणे आणि मान खाली येणे या चार खुणांवर सगळी भिस्त असते. मात्र ताणाखाली घोड्याच्या तोंडाला कोरड पडते आणि ताण उतरू लागला की लाळ सुटते, म्हणून तो ओठ चाटतो, असे मानले जाते. तसे असेल, तर ती खूण भीती ओसरल्याची झाली; माणूस पसंत पडल्याची नव्हे. मान तर थकव्यानेही खाली येते. आपल्याकडच्या उन्हात फेऱ्या मारणाऱ्या घोडीने मान टाकली, ती विश्वासाने की दमून, हे रिंगणाच्या मध्यभागी उभे राहून मला कधीच खात्रीने सांगता आले नाही. डोळ्यावरची सुरकुती, आवळलेली हनुवटी, ताणलेली नाकपुडी या भीतीच्या बारीक खुणा पळत्या घोड्यात तेवढ्या अंतरावरून दिसतही नाहीत.

क्लिकरच्या धड्यात घोडी समोर उभी असते. एकदा मी घोंगडी पुढे धरली तेव्हा तिने नाक लावले खरे, पण वरचा ओठ ताठ होता, पापणीवर त्रिकोणी घडी पडली होती आणि वजन मागच्या पायांवर गेले होते. गाजर हवे होते आणि घोंगडीची धास्तीही होती. मी घोंगडी खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तीच घोंगडी दुमडून लहान करून दाखवली. भुकेला घोडा खाण्यासाठी भीती गिळतो, म्हणून धड्याआधी त्याला पोटभर चारा मिळालेला असावा, हे मात्र पाळावेच लागते.

क्लिकरचा त्रास म्हणजे खिसे हुंगणे आणि पुढे बारीक चावे. त्यासाठी पहिला धडा कुंपणापलीकडून द्यावा, तोंड बाजूला वळवले की मगच टक् करावे आणि तुकडा अंगापासून दूर हात लांबवून द्यावा. अंगावर येणारा वळू घोडा असेल आणि हाताशी जाणता मोतद्दार (घोडे सांभाळणारा) असेल, तर रिंगण कदाचित अधिक सोयीचे ठरेल. शिवाय स्वारीत टाच आणि लगाम यांचे काम दबाव देणे व सोडणे यावरच चालते, तेव्हा ती भाषा घोड्याला कधीतरी शिकवावीच लागते. तरीही अननुभवी मालकाने सुरुवात क्लिकरने करावी असे मला वाटते, आणि घोंगडी, मोहरकी (तोंडावर चढवायची दोरी) व पाय उचलणे निर्धास्तपणे जमू लागल्यावरच, तेही चालीच्या वेगात, रिंगणाकडे वळावे.