ओआरएसची पुडी : ५ पैकी ५, पण पाकीट नीट बघून घ्या

सक्करदऱ्याच्या एका मेडिकलमधून घेतलेली, उलट्या-जुलाबात पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची साधी पुडी आहे, २०.५ ग्रॅमची, वर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेलं. मागच्या मे महिन्यात लग्नातून आणलेला मसालेभात दुपारभर ओट्यावरच राहिला, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, रात्री चांगला वाफ येईस्तोवर गरम करून आम्ही तिघांनी खाल्ला. वास नाही, आंबट नाही, काहीच नाही. दोन-अडीच तासांत पोट्टा उलट्या करून राहिला, मग मी, मग हे. आईंनी भात घेतला नव्हता, त्या ठणठणीत, तेव्हा कळलं भातच बाधला. डॉक्टर नंतर म्हणाले शिजलेला भात असा बाहेर राहिला की त्यात जंतू वाढून विष तयार होतं आणि ते विष परत गरम केल्यानं जात नाही.

पुडी घरात होती म्हणून ती रात्र निघाली. हे एका ग्लासातच अख्खी पुडी घालत होते, आईंनी हात धरला, पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवायची, घट्ट झाली तर मीठ जास्त जाऊन लेकराला उलट त्रास होतो. पहिल्यांदा अर्धा ग्लास एकदम पाजला तो सगळा बाहेर आला. मग १० मिनिटं थांबलो आणि चहाच्या चमच्यानं दर एक-दोन मिनिटाला एकेक चमचा देत बसलो, ते टिकलं. पहाटे पोट्ट्याला लघवी झाली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. लघवी सहा-आठ तास नाही, तोंड कोरडं, लेकरू सुस्त पडलं, संडासात रक्त किंवा चमचाभर पाणीही टिकत नाही, असं असलं तर पुडीवर विसंबू नका, सरळ दवाखाना गाठा. जुलाब बंद करायची गोळी पण लहान लेकरांना मनानं देऊ नका.

आणि तयार गोड डबीवालं पेय म्हणजे ओआरएस नाही हो! त्यात साखरच जास्त असते, मी पण आधी तेच आणायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा खात्यानं, असल्या पेयांवर ओआरएस लिहायला मनाई केली, फार बरं झालं. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या.

तक्रार एकच, १ लिटरची सूचना पाकिटाच्या मागं इतक्या बारीक अक्षरात आहे की रात्री दोन वाजता आईंना चष्मा लावूनही वाचता आली नाही, ती समोर मोठ्या अक्षरात मराठीत छापा.